चिखल, फुफाटा आणि गाडीचं वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये गाड्या ताम्हिणीकडे वळायला लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. मी गॅरेजवाला नाही. मुळशीच्या बाजूला एक जुनी डिझेल जीप सांभाळतो, तिचं वायरिंग स्वतः करतो आणि मित्रांच्या नव्या थार-जिम्नीतही हात घालतो, एवढंच. पण दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

सगळ्या कपलरना रबरी सील असतात. मग चिखल आत शिरतो कुठून?

कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा, काढता-लावता येणारा जोड. बहुतेकांना वाटतं, चाकाने उडवलेला चिखल त्याच्या फटीतून घुसतो. तसा घुसतो थोडा. पण खरं नुकसान करणारं पाणी गाडी स्वतःच ओढून घेते.

घाट चढून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली एखादा बंद डबा ८० अंशांपर्यंत तापलेला असतो, आणि त्याच्या आतली हवाही. ती गाडी २५ अंशांच्या ओढ्यात उतरली की डबा झटक्यात थंड होतो, आतली हवा आकसते आणि दाब साधारण १६ टक्क्यांनी उतरतो. ही ओढ जवळपास दीड मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढी होते. म्हणजे पाणी गुडघाभर असलं तरी सीलला मात्र ते पुरुषभर वाटतं. सील जरासा जुना, कडक किंवा तिरका बसलेला असला तर चहात बिस्कीट बुडवल्यासारखं गढूळ पाणी आत येतं. मग गाडी पुन्हा तापते, पाण्याची वाफ होते, चिखल आतच राहतो. असं दहा वेळा झालं की डब्यात चमचाभर माती सापडते आणि माणूस विचारत बसतो, ही आली कुठून.

दुसरी वाट वायरच्या पोटातून जाते. वायर म्हणजे बारीक तारांचा जुडगा. त्याचं एक टोक ओल्यात उघडं राहिलं की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी प्लास्टिकच्या आतून चढतं. बंपरजवळच्या उघड्या जोडातून निघालेलं पाणी हातभर वर, कोरड्या ठिकाणच्या कपलरमध्ये निघालेलं मी पाहिलंय. वायर सोलली तर आत तांबं काळंठिक्कर किंवा हिरवं.

म्हणून सगळं कडेकोट बंद करायच्या मागे मी लागत नाही. आत आलेलं पाणी निथरून जाईल आणि डबा श्वास घेऊ शकेल, एवढं बघतो. पुढची बरीच उत्तरं याच हिशोबाने दिली आहेत.

कपलरवर आयपी ६७ लिहिलंय. तरी काळजी करायची?

आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून चाचणी घेतलेली आहे. पण ती चाचणी स्थिर पाण्यात होते, वस्तू नवी असते, आणि पाण्याच्या व वस्तूच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक ठेवत नाहीत. तापलेलं इंजिन गार ओढ्यात घालणं त्यात येत नाही.

आणखी एक घोळ असा की ६७ मिळालं म्हणजे ६५-६६ आपोआप मिळालं, असं नसतं. बुडवणं वेगळं आणि फवारा वेगळा. जोरदार गरम फवाऱ्यासाठी ६९के हा निराळा दर्जा असतो, त्यात ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बार दाबाने मारतात. त्यामुळे ओढ्यात टिकलेला लाइट वॉशिंग सेंटरवर मरू शकतो, आणि मरतोही.

कोकणातली लाल माती जास्त वाईट की देशावरची काळी?

दोघी वाईट, पण वागणूक वेगळी. जांभ्याची लाल माती बारीक असते. ओली असताना बारीक फटीत वाहत जाते आणि सुकली की पीठ होऊन उडते. म्हणजे एकाच फेरीत चिखल आणि धूळ, दोन्हींचा त्रास. पण धुतली की निघते बऱ्यापैकी.

काळी माती चिकण. पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. वायरिंगच्या फांदीवर दोन किलोचा लोळ बसला आणि तो सुकला, तर आकसताना तो वायर ओढतो, क्लिपा तोडतो, कपलर अर्धवट बाहेर काढतो. शिवाय तिच्या पोटात ओल आठवडाभर राहते. वरून दगड, आत चिखल. मराठवाड्यात शेतरस्त्याने गाडी चालवत असाल तर घरी आल्यावर त्याच दिवशी माती काढा. उद्यावर टाकलं की छिन्नी लागते.

आधी कुठे लक्ष देऊ? सगळी गाडी उघडायला वेळ नाही.

अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनला आणि चेसिसला जिथे जोडलेला असतो त्या जोडांकडे. बाकी सगळं नंतर.

माझ्या जीपचंच सांगतो. सेल्फ मारला की 'टक्' व्हायचं आणि शांत. बॅटरी नवी टाकली, सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा विजेचा स्विच) बदलला, दोन-तीन दिवस बरं चाललं, पुन्हा टक्. शेवटी एका मित्राला किल्ली फिरवायला बसवलं आणि मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरली. सेल्फ मारताना काटा १.४ व्होल्टवर गेला. तिथे ०.२ च्या आसपास दिसायला हवा. म्हणजे बारा व्होल्टमधले जवळजवळ दीड व्होल्ट अर्थच्या वाटेवरच सांडत होते. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट खोलला. थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या कड्याच्या) मागे बिस्किटाएवढी लाल मातीची चकती, तिच्याखाली फुगलेला रंग, रंगाखाली गंज. वरून बघताना बोल्ट घट्ट आणि स्वच्छ. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, काटेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस लावलं. रीडिंग ०.१५. त्या आधी दोन भाग फुकट बदलले होते, त्याचा हिशोब बायकोला अजून दिलेला नाही.

हीच युक्ती हेडलाइटला लागू पडते. लाइट चालू ठेवून त्याच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर दोष तिथे. एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, हॉर्न वाजवला की काटे हलतात, असले भुताटकीचे प्रकार बहुतेक वेळा अर्थचेच असतात.

अर्थनंतर क्रमाने: सेल्फचं सोलेनॉइड, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र), चाकाजवळचे सेन्सर, पुढच्या बंपरमागचे कपलर, मागच्या दिव्यांचे कपलर. फ्यूज बॉक्स उंचावर असेल तर शेवटी. जुन्या डिझेल गाडीत आणखी एक जागा आहे. ज्या पंपांवर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो, त्याला चालू राहण्यासाठी सतत करंट लागतो आणि तो एकाच वायरवर येतो. ती निसटली की गाडी ओढ्याच्या मधोमध बंद. ती वायर मी पावसाळ्याआधी ओढून बघतोच.

मग फ्यूज बॉक्स, कपलर, सगळंच सिलिकॉनने बंद करून टाकू का?

मी केलं होतं. पहिल्या पावसाळ्याआधी फ्यूज बॉक्सच्या झाकणाची कड, खालची भोकं, वायर जिथून येतात ती फट, सगळीकडे सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी केली. ऑगस्टमध्ये झाकण उचकटलं तर आत चक्क पाणी साठलेलं. वरून कुठून तरी शिरलं होतं, आणि खालची भोकं मीच बुजवली होती. दोन रिले (मोठा करंट चालू-बंद करणारे छोटे विजेचे स्विच) बुडालेले, फ्यूजचे पाय हिरवे.

ती खालची भोकं निथरण्यासाठी असतात. बुजवू नका, उलट तारेने टोकरून मोकळी ठेवा. झाकणाच्या सीलवर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, बस्स.

सिलिकॉन लावायचंच असेल तर वास घेऊन विकत घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं. काचा आणि बाथरूमसाठी मिळतं ते बहुतेक हेच. वायरिंगजवळ 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलंच चालतं.

कपलरमध्ये कोणतं ग्रीस भरायचं?

सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस. हे वीज वाहून नेत नाही, उलट अडवतं. म्हणून ते पिनांवर थापायचं नसतं. रबरी सीलवर आणि कपलरच्या तोंडाच्या कडेला पातळ थर द्यायचा. पिनेवर थोडं लागलं तर बिघडत नाही, कारण घट्ट बसणारी पिन ते बाजूला सारते. पण पिन आधीच ढिली असेल तर ग्रीस फटीत जाऊन बसतं आणि नवीन भानगड उभी राहते.

चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको. खनिज तेलाने काही रबरी सील फुगतात. बॅटरीच्या खांबांवर मात्र पेट्रोलियम जेली चालते. आधी टर्मिनल स्वच्छ करून आवळायचं, मग वरून लावायचं. उलट क्रमाने करणारे पुष्कळ आहेत.

डब्ल्यूडी-४० मारलं की झालं ना?

तात्पुरतं. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजेच पाणी हटवणारं. भिजलेल्या प्लगच्या वायरीवर मारून बंद पडलेली गाडी चालू करायला ते उत्तम. पण मागे राहतो तो पातळ तेलकट थर, आणि फुफाट्यात त्या थरावर धुळीचा मुलामा चढतो. महिन्याभराने तिथे काळी मलई. पाणी हटवायला वापरा, नंतर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन काढा.

वायरिंग कशाने गुंडाळू? साधी काळी टेप चालेल?

बोनेटखाली नाही. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने वितळतो, टेप सरकते आणि मागे चिकट काला राहतो, त्यात माती. उष्णता सोसणारी कापडी टेप बोनेटखाली छान काम करते, पण गाडीच्या पोटाखाली ती लावू नका. ती चिखल पिते आणि ओली राहते.

खालच्या बाजूला वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल पाइप लागतो. त्यातही एक मेख आहे. हा पाइप लांबीत चिरलेला असतो. चीर वरच्या बाजूला ठेवली तर पाइप म्हणजे चिखलाची पन्हळ. आत गेलेली वाळू गाडीच्या थरथरीने वायरीवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि एक दिवस तांबं उघडं पडतं. चीर खाली ठेवा, पाइपची टोकं खाली झुकवा, दर वीतभरावर केबल टाय मारा.

आणि वायर डब्यात किंवा कपलरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या. घरावरून येणारी केबलची वायर खिडकीतून आत घेण्याआधी खाली वाकवतात, तसाच. वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, आत जात नाही. फुकटचा उपाय आहे, पण नवीन लाइट बसवून देणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगावा लागतो.

जोड सोल्डर करू की दाबून?

दाबून, म्हणजे क्रिम्प. सोल्डर तारांमध्ये थोडं पुढे झिरपतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने वायर तुटते. घरातल्या रेडिओला सोल्डर चालतं, डोंगरात हिंडणाऱ्या गाडीला नाही. क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. गोंद नसलेली साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही, नुसती झाकते. आणि लायटरऐवजी हॉट एअर गन वापरा, लायटरने शेजारची वायर भाजते.

वायर पिळून वर टेप, हा प्रकार माझ्या अंगणात चालत नाही.

लाइट बार लावायचा आहे. काय सांभाळू?

१२० वॅटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, रिले, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज लाइटजवळ लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते, आणि ती चेसिसला घासली की आग. रिले उभा, तोंड खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचणार नाही. मोकळ्या राहिलेल्या पिनांच्या भोकांत रबरी बूच घाला. एका रिकाम्या भोकामुळे अख्ख्या कपलरचा आयपी आकडा पुसला जातो.

जादा लाइटचे नियम वेगळे आहेत. रस्त्यावर तो बार झाकलेला आणि बंद हवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात आणि पावतीही फाटते.

विंचचं काय?

विंच म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र. तिची मोटर नाही, कंट्रोल बॉक्स आधी मरते. साडेनऊ हजार पाउंडांची विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास घेते. त्या बॉक्समधल्या सोलेनॉइडच्या संपर्कावर चिखल बसला तर एक तर विंच चालत नाही, किंवा चिकटून बसते आणि थांबत नाही. दुसरं जास्त भयानक. म्हणून बॉक्स बंपरवरून उचलून बोनेटखाली उंचावर न्या, आणि बॅटरीजवळ हाताने बंद करता येईल असा आयसोलेटर स्विच बसवा. रिमोटच्या सॉकेटला टोपी लावा. ती टोपी हरवते. दोन घेऊन ठेवा.

ओढा ओलांडण्याआधी काय करायचं?

उतरा. चालत जा. खोली बघा. दुसऱ्या पिढीच्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण तो आकडा थांबलेल्या पाण्याचा आणि सपाट तळाचा समजा. सह्याद्रीतल्या ओढ्यात गोटे असतात आणि वरच्या डोंगरावर पाऊस पडला की दहा मिनिटांत पाणी चढतं. वाहतं पाणी असेल तर वायरिंगची काळजी शेवटची, आधी जिवाची.

आता वायरिंगचं. इंजिन तापलेलं असेल तर बोनेट उघडून पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे मघाशी सांगितलेली ओढ कमी होईल. रेडिएटरचा पंखा विजेवर असेल तर तो पाण्यात फिरायला नको. पाण्यात पातं अडलं की मोटर अडकून फ्यूज उडतो, किंवा पातं वाकून रेडिएटरला लागतं. एसी बंद करा, कारण एसी चालू असला की पंखा हमखास फिरतो. मग पहिल्या गिअरमध्ये एकसारखं, समोर लाट राहील इतकंच हळू. मधे थांबून फोटो नको.

अल्टरनेटरला पिशवी बांधली तर?

पेटेल. अल्टरनेटर मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, कारण त्यातून वाहणारी हवाच त्याला थंड ठेवते. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांच्या गाड्यांनाही अल्टरनेटरचं हे दुखणं चुकत नाही. चिखलाचं पाणी आत गेलं की ब्रश आणि स्लिप रिंग यांच्यात वाळू जाते, ब्रश झिजतात, आणि मधल्या तांब्याच्या वेटोळ्यांवर माती सुकून बसली की उष्णता बाहेर पडत नाही.

करता येतं ते एवढंच: खालच्या बाजूला रबरी पडदी लावून चाकाचा फवारा अडवायचा, आणि चिखलातून आल्यावर इंजिन बंद व थंड असताना बागेच्या पाइपने हलक्या हाताने धुवायचं. मग गाडी चालू करून वाळवायची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर सहसा ठीक. बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा वरखाली होतो, घाबरू नका. इंजिन बंद करून काही तासांनी भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी.

अल्टरनेटरमधून 'घर्र' असा आवाज यायला लागला तर बेअरिंगमध्ये माती गेली. पुढच्या ट्रिपची वाट बघू नका.

चिखलातून आल्यावर एबीएसचा दिवा लागला. सेन्सर गेला?

बहुतेक वेळा नाही. चाकाजवळच्या सेन्सरसमोर दातेरी किंवा चुंबकी कडं फिरत असतं, आणि मधल्या मिलिमीटरभर फटीत चिखल बसतो. पाण्याने साफ करा, थोडं चालवा, दिवा जाईल. नाही गेला तर वायर बघा. स्टिअरिंग वळताना ती वायरही वाकते, आणि सुकलेल्या मातीच्या ढेकळात अडकली की तुटते.

ज्यात चुंबक असतो त्या सेन्सरला लोखंडाची भुकटी चिकटते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत. तिकडे फिरून आलात तर सेन्सर काढून टोकावर काळी दाढी आलीय का बघा. फडक्याने पुसली की जाते.

प्रेशर वॉशरने बोनेटखाली धुवू का?

नको. नेहमीच्या घरगुती वॉशरचा दाबही १०० बारच्या वर जातो. ओढ्याने जे केलं नाही ते वॉशर अर्ध्या मिनिटात करतो. मडगार्डच्या आत, चेसिसवर, चाकांवर खुशाल मारा. कपलर, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर नाही. वॉशिंग सेंटरवरच्या पोराला आधी सांगा, "भाऊ, बोनेट उघडू नकोस." तो 'काही होत नाही साहेब' म्हणेल. तरी सांगा.

रात्री उशिरा घरी आलो. तेव्हा लगेच काय करणं गरजेचं?

अंघोळ करा, जेवा. त्याआधी फक्त एक: गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीचा मायनस काढा. कारण गाडी बंद असली तरी काही वायरींत कायम करंट असतो. ओला चिखल, बारा व्होल्ट आणि तांबं एकत्र आलं की प्लसच्या बाजूची पिन हळूहळू विरघळते. नुसत्या गंजापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं. पाण्यातून गेल्यावर दोन आठवड्यांनी दिवे जातात, ते यामुळे. नव्या गाडीत मायनस काढला की घड्याळ, काचा वगैरे पुन्हा शिकवावं लागतं, तेव्हा मॅन्युअल बघून काढा.

दुसऱ्या दिवशी हलकं पाणी, मग खालचे कपलर एकेक उघडायचे. लॉकची जीभ दाबून ओढा, वायरला धरून नाही. आत माती दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, मग हवा. पॉलिश पेपर पिनांवर घासू नका. वरचा कथिलाचा किंवा सोन्याचा मुलामा जातो आणि पुढच्या वेळी दुप्पट गंजते. पूर्ण सुकल्यावर सीलला ग्रीस आणि 'टक्' आवाज येईपर्यंत बंद. आवाज आला नाही तर बसलेलं नाही.

समुद्रकाठी वाळूत गेलो, लाट लागली.

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, भरपूर. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे सुकल्यासारखं वाटतं पण आत ओलच. ओढ्याचं पाणी आठवडा देतं, समुद्र एक रात्र.

उन्हाळ्यात चिखल नसतो. तेव्हा तरी सुट्टी?

फुफाट्यात धूळ वेगळे खेळ करते. हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये एक गरम तार असते. तिच्यावर धूळ किंवा तेलाळलेल्या फिल्टरचं तेल बसलं की इंजिनला हवा किती आली ते चुकीचं कळतं, पिकअप जातो. त्यासाठीचा वेगळा क्लीनर मिळतो. बोटाने किंवा कापसाने तारेला हात लावू नका, केसापेक्षा नाजूक असते.

दुसरं, खडबडीत रस्त्यावर पिना एकमेकींवर बारीक घासत राहतात आणि घासलेल्या कथिलाची काळी भुकटी होते. दोष मधूनच येतो, मधूनच जातो. कपलर काढून लावला की बरा होतो, म्हणून लोक म्हणतात 'आपोआप नीट झाला'. झालेला नसतो. वायर क्लिपने घट्ट धरा, लोंबती ठेवू नका.

बाइक चिखलातून आल्यावर सुरूच होत नाही.

साइड स्टँडचा स्विच बघा. स्टँड वर असूनही मातीमुळे स्विच खालीच राहतो आणि गाडीला वाटतं स्टँड लावलेला आहे. पाणी मारा, चार वेळा स्टँड वरखाली करा.

आमचा ट्रॅक्टर चिखलणीला जातो. त्यालाही हेच?

हेच, आणि जास्त. भाताच्या खाचरात ट्रॅक्टर तासन्‌तास त्याच राडीत असतो. सेल्फचा बोल्ट, अर्थ आणि ट्रॉलीचं सात पिनांचं सॉकेट, एवढं सांभाळा. सॉकेटला झाकण नसेल तर निदान टायरच्या फुटक्या ट्यूबचा तुकडा बांधा. ऊस वाहायच्या दिवसांत मागचे दिवे चालले पाहिजेत, रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही.

वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर?

कापू नका. तयार कपलरवर बसणारं वेगळं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) मिळतं ते घ्या, म्हणजे पुढे वाद झाला तर जसंच्या तसं काढता येतं. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधा विमा सहसा हात वर करतो. इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम आहे का, ते पावसाळ्याआधी बघा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना मात्र हात लावायचा नाही, कितीही हौस असली तरी.

गाडी दोन महिने उभी होती. आता पहिल्याच ओढ्यात ॲक्सलमध्ये पाणी गेलं आणि डिफ-लॉकचा सेन्सरही गेला. ब्रीदरची नळी तर उंच घेतली होती!

ब्रीदर म्हणजे ॲक्सलला श्वास घेऊ देणारी नळी. ती काढून एका टोकाने फुंकून बघा. आमच्याकडे कुंभारीण माशी असली भोकं सोडत नाही. आत मातीचं घरटं करून तोंड लिंपून टाकते, इतकं गुळगुळीत की कंपनीचं बूच वाटावं. श्वासाची वाट बंद झाली की ॲक्सल सीलमधून ओढ्याचं पाणी पितो. माझ्या नळीत दोनदा सापडलंय. आता टोकाला बारीक जाळी बांधली आहे, आणि मे अखेरीस प्रत्येक नळी फुंकून बघतो.